मोटर ओळखते तो नंबर

आमच्या घरातला एक मोबाईल नंबर विहिरीवर राहतो. त्याचं सिम मोटरीच्या स्टार्टरला जोडलेल्या एका यंत्रात आहे आणि यंत्र पत्र्याच्या पेटीत आहे. त्या नंबरला फोन लावला की रेकॉर्ड केलेली एक बाई बोलते. ती नमस्कार म्हणते, थ्री फेज लाईट आहे की नाही ते सांगते आणि लाईट असेल तर म्हणते, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा. एक दाबला की बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या शेतात पाणी सुरू होतं. तीन दाबला की बंद होतं. गावात बऱ्याच विहिरींवर आता असा मोबाईल स्टार्टर आहे. दिवसाची लाईट कधी, रात्रीची कधी, याचा भरवसा नसलेल्या भागात त्याची सोय सांगायला नको.

हे यंत्र कोणाचाही फोन घेत नाही. बसवताना त्यात एक मालक नंबर घालावा लागतो. मालक नंबरवरून मेसेज पाठवून आणखी नंबर जोडता येतात आणि जोडलेले काढताही येतात. अनोळखी नंबरवरून फोन गेला तर बाई एक अक्षर बोलत नाही. आमच्याकडे यंत्र बसवलं त्या दिवशी माझ्या धाकट्या भावाच्या मोबाईलची बॅटरी उतरली होती. मेकॅनिकला पुढच्या गावी जायचं होतं. आई बांधावर बसली होती आणि तिच्या पिशवीत बटणांचा फोन होता. मेकॅनिकनं तिचा नंबर घातला आणि तो निघून गेला. अशा रीतीनं आई मोटरीची मालक झाली. तो तात्पुरता उपाय होता, असं भावाचं म्हणणं आजही आहे.

त्यानंतर आईचे गुडघे गेले. शेत लांब नाही, पण मधे नाला आहे आणि नाल्याची चढण तिला झेपेना. तिनं शेतात जाणं सोडलं. शेत चालवणं सोडलं नाही. छपरीतल्या खाटेवर बसून ती मोटर लावायची, बंद करायची आणि पाईप कुठल्या पट्ट्यात आहेत ते डोक्यात ठेवायची. स्टार्टर चोरीला जातात म्हणून पेटीला कुलूप होतं आणि त्याची किल्ली तिच्या कमरेला होती. भाऊ दिवसभर शेतात असायचा, पण पाणी आईजवळ असायचं.

या रब्बीत भाऊ मोटर ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालवतो, असं तिच्या लक्षात आलं. मधेच फोन लावून ती खात्री करायची, तर बाई सांगायची, मोटर चालू आहे. हरभऱ्याला इतकं पाणी लागत नाही, हे तिला भावाच्या जन्माआधीपासून माहीत होतं. विचारलं तर तो म्हणायचा, "जमीन पेऊन राह्यली आई, मी काय करू?"

मी यवतमाळला एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर काम करते. सुटीच्या दिवशी गावी जाते आणि घरातली लिहिण्याची कामं माझ्यासाठी राखून ठेवलेली असतात. अशाच एका सुटीला आईनं तिचा फोन माझ्या हातात दिला.

"त्याचा नंबर काढ मोटरीतून."

"कायमचा?"

"अक्कल येईपर्यंत."

मी मेसेज टाइप केला आणि पाठवला. दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घेतली नाही. ती संध्याकाळी शेतातून चालत घरी आली. तेव्हापासून भावाला पाणी हवं असलं की तो बांधावरून आईला फोन करायचा, आई मोटरीला फोन करायची आणि मग त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेली मोटर सुरू व्हायची.

ही व्यवस्था सुरळीत चालली असती, पण आईच्या फोनवरचं 'एक' या आकड्याचं बटण निघून आलं. इतर बटणं नव्यासारखी होती. ती एकच्या जागी माचिसच्या काडीनं टोचून काम भागवू लागली. त्यातच तिच्या कंपनीची रेंज, जी गावात आधीच पातळ होती, छपरीतून गेली. फोन लावायला गोठ्यापर्यंत जावं लागायचं. नवा मोबाईल घ्यायचा आणि कंपनी बदलायची, हे ठरायला त्यामुळे वेळ लागला नाही. कोणता आणि कोणती, याला लागला.

कंपनीचा निकाल आम्ही घरच्या घरी लावायचा ठरवला. भावाकडे एका कंपनीचं सिम होतं, वहिनीकडे दुसऱ्या. दोघं आपापले फोन डोक्यावर धरून घरभर फिरले.

"माह्याले दोन दांड्या हायेत!" भाऊ अंगणातून ओरडला.

"माह्याले चार," वहिनी छपरीतून म्हणाली. ती ओरडली नाही.

"चार कायले पाह्यजेत? बोलाले दोन पुरतात."

"तुम्ही अंगनात उभे हा. आईले थंडीचं अंगनात बसवता का?"

भावानं मग मोठा पुरावा काढला. "मोटरीत माह्याच कंपनीचं सिम हाय. मोटर कधी म्हनली का, रेंज नाही म्हनून?"

"मोटर टेकडावर राह्यते बावा," आई म्हणाली. "तिले काय, मोकयी हवा."

"मंग तू गोठ्यापाशी बसत जाय. तथी येते माह्या कंपनीची."

"मी जाऊ नेटवर्कपाशी? त्यानं यावं माह्यापाशी."

निकाल वहिनीच्या बाजूनं लागला. आईनं तो ऐकून घेतला. "म्हंजे आता सुनेच्या कंपनीत जा लागते," ती म्हणाली.

"या ना आई," वहिनी म्हणाली. "आमच्यात सारे मजेत हायेत."

इथपर्यंत सगळं खेळीमेळीचं होतं. मग भाऊ सहज बोलल्यासारखा म्हणाला, "नवीन सिमच घे ना. नवीन नंबर लगेच भेटते. हाच नंबर ठेवून पोर्ट कायले करा लागते? त्याच्यात मधात नंबर बंद राह्यते. पिकाले पानी कोन देईन?"

सूचना व्यवहाराची होती. फक्त एक गोष्ट होती. नंबर बदलला तर यंत्रातला जुना मालक पुसून नवा घालावा लागणार. त्यासाठी पेटी उघडावी लागणार, म्हणजे किल्ली द्यावी लागणार, आणि टेकडावर जाऊन हे काम करणारा माणूस घरात एकच होता. कोणता नंबर मालक म्हणून घालायचा, हे तिथं उभ्या असलेल्या माणसाच्या हातात राहणार होतं. हे घरातल्या प्रत्येकाला समजलं. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं सोलणं थांबवलं नाही.

"नंबर हाच राहीन," ती म्हणाली. "मोटर मले या नंबरनं ओळखते."

दुपारी भाऊ शेतात गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "कंपनी बदलली त मोटर ओळखीन ना मले?"

"नंबर तोच राह्यते आई. मोटरीले कंपनी समजत नाही."

"पक्कं मालूम हाय तुले?"

"पक्कं."

"कोनाले इचारलं?"

हा प्रश्न मी रोज वार्ताहरांना विचारते. दुसऱ्या दिवशी मी दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडून तेच उत्तर आलं आणि मी ते तिला कळवलं. तिनं "बरं" म्हटलं. तिच्या बरं म्हणण्यात मान्यता नव्हती, नोंद होती. छपरी आणि शेत यांच्यामध्ये तिच्याकडे तेवढा एक रस्ता उरला होता, आणि तो चालू राहील असं तिला लोक तोंडी सांगत होते.

मोबाईल निवडण्यासाठी मी डेस्कवर चौकशी केली. प्रत्येकानं स्वतःकडे असलेलाच मोबाईल सुचवला. चुकीचा घेतला, असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. कोणी कॅमेरा सांगितला, कोणी बॅटरी, कोणी पडला तरी फुटत नाही हे टेबलावरून पाडून दाखवलं. आईची अट मी त्यांना सांगितली नाही, कारण ती मलाही पूर्ण समजलेली नव्हती. ती दुकानात समजली.

यवतमाळच्या बाजारातलं दुकान होतं. आई सकाळच्या बसनं आली होती. निघण्याआधी तिनं मोटर बंद केली होती आणि परत आल्यावर लावते, असं सांगितलं होतं. दुकानदार मध्यमवयीन, सराईत माणूस होता. त्यानं काचेवर एक मोबाईल ठेवला.

"काकू, हा पाहा, एकदम लेटेस्ट. आधी तुमचा फोटोच काढून दाखवतो."

फोटो निघाला. आईनं तो डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. मोबाईलनं तिच्या सुरकुत्या काढल्या होत्या आणि त्याबरोबर हनुवटीवरचं गोंदणही.

"गोंदन कोठी गेलं?"

"काकू, ते ऑटोमॅटिक आहे. चेहरा साफ करून देते."

"पैसे देऊन गोंदलेलं हाय ते. याच्यावर मोटर लागते का, ते सांग."

"याच्यावर सारंच लागते."

"मंग लावून पाहू दे."

दुकानदाराला यात काही गैर वाटलं नाही. त्यानं आईच्या जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं. शहरात तिच्या कंपनीला रेंज होती. आईनं नंबर लावला आणि मोबाईल कानाला धरला. बाई बोलली. एक दाबायची वेळ आली तेव्हा आईनं तो कानापासून काढला. समोर एक लाल गोल होता आणि आकडा एकही नव्हता. तिनं मोबाईल उलटा करून पाठीमागून पाहिला. तेवढ्यात फोन कट झाला.

"एक कोठी हाय याच्यात?"

"काकू, ते कीपॅड वर आणा लागते. हे इथं दाबलं की येते."

"जे दिसत नाही ते मी दाबू कशी?"

दुकानदारानं दुसरा मोबाईल काढला. यावेळी कीपॅड वर आला आणि आईनं एक दाबला. बाईनं मोटर चालू झाल्याचं सांगितलं. "लागली," आई म्हणाली आणि लगेच तीन दाबून बंद केली. पण आकडे बारीक होते, तीन दाबताना बोट सहावर गेलं होतं. म्हणून तिसरा मोबाईल निघाला. तो आकारानं मोठा होता आणि आकडेही मोठे होते. एव्हाना दोनतीन गिऱ्हाईकं जवळ सरकली होती.

"स्पीकरवर टाका काकू, मंग कानाले लावाच लागत नाही."

आईनं स्पीकरवर टाकलं. बाईचा नमस्कार सगळ्या दुकानानं ऐकला. एक दाबला, मोटर चालू झाली. तीन दाबला, बंद झाली. तिनं खात्रीसाठी पुन्हा एक दाबून पाहिला, पुन्हा तीन. पलीकडच्या काचेपाशी उभा असलेला दिग्रसकडचा एक शेतकरी दुकानदाराला म्हणाला, "मलेही हाच दाखवा."

तेव्हा माझा फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, आई कोठी हाय?"

"इथंच. दुकानात."

"तिले सांग, मोटरीले हात लावू नको! मी स्प्रिंकलरचे पाईप बदलून राह्यलो. जोडाले वाकलो की पानी सुटते. बाजूले झालो की बंद होते. जवळ गेलो की पुन्हा सुटते. पुरा ओला झालो ना मी. थंडी हाय इथी!"

"काय म्हनते?" आईनं विचारलं.

"ओला झाला म्हनते."

"मंग लागते बरोबर," आई म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "हाच द्या."

कॅमेऱ्याबद्दल तिनं पुढे काही विचारलं नाही. बॅटरीबद्दल दुकानदारानं स्वतःहून सांगितलं, तेव्हा ती पिशवीची चेन लावत होती. त्याच दुकानात पोर्टची विनंती केली. काही दिवसांत जुनं सिम बंद पडेल, मग नवं टाकायचं आणि ते सुरू व्हायला थोडा वेळ जाईल, असं दुकानदारानं सांगितलं. "थोडा म्हंजे किती?" असं आईनं विचारलं. "थोडा," असं तो म्हणाला.

जुनं सिम बंद पडलं त्या दिवशी माझी सुटी होती. सकाळी मी गावी पोचले तेव्हा नवं सिम मोबाईलमध्ये होतं आणि त्याच्यावर एकही दांडी नव्हती. त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती. ती आली होती. भाऊ शेतातून परत येऊन छपरीच्या खांबाला टेकून उभा होता.

"किल्ली दे," तो म्हणाला. "मी हातानं लावतो."

आईनं मोबाईलकडे पाहिलं. दांडी अजून आली नव्हती.

"लाईट जाईन आई. दे ना किल्ली."

"मीच येते," आई म्हणाली.

वहिनीच्या हातातलं काम थांबलं. पांदणीनं मोठा फेरा मारून मोटरसायकल शेतापर्यंत जाते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या पांदणीतून जायला आईनं आजवर ठाम नकार दिला होता.

"आई, कायले तरास घेता?" वहिनी म्हणाली. "रस्ता किती खराब हाय." तिनं हे म्हणताना आईकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. भाऊ चप्पल शोधत होता. ती त्याच्या पायातच होती.

आई मोटरसायकलवर एका अंगानं बसली, एका हातात भावाचा खांदा आणि दुसऱ्यात नवा मोबाईल. मी नाला ओलांडून पायी गेले आणि त्यांच्या आधी पोचले. सुटीच्या दिवशी येणाऱ्या माणसाला शेत कोणी दाखवत नाही. मीही त्या हंगामात तिकडे गेले नव्हते. बांधाला लागून तूर होती, माणसापेक्षा उंच. तिच्या मागे काय आहे ते पांदणीवरून दिसत नव्हतं.

आई उतरली, गुडघ्यावर हात ठेवून थोडी थांबली आणि तुरीच्या ओळींच्या कडेनं विहिरीकडे चालू लागली. तूर संपली तिथं ती उभी राहिली. विहिरीभोवती, हरभरा असायला हवा होता त्या संपूर्ण पट्ट्यात, गहू उभा होता. ओंब्या बाहेर पडल्या होत्या. भाऊ मोटरसायकल स्टँडवर लावत होता. ती आधीच स्टँडवर होती.

"हरबरा कोठी हाय?"

"हाय ना. खालच्या अंगाले."

"आन हे?"

"गहू."

"गहू हाय ते दिसते मले. या हलक्या बरडावर गहू नको म्हनलं होतं मी."

"म्हनून त सांगतलं नाही," भाऊ म्हणाला.

जमीन का पीत होती, हे आता वेगळं सांगायची गरज नव्हती. आई महिनाभर छपरीत बसून हरभऱ्याला पाणी देत होती, आणि ते गव्हाला जात होतं. भाऊ महिनाभर गव्हासाठी पाणी मागत होता, हरभऱ्याचं नाव सांगून. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, असं म्हणता येणार नाही. वहिनीला सगळं माहीत होतं आणि ती घरी राहिली होती.

आईनं हात लांब करून एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणे तोंडात टाकले. ती बराच वेळ चावत राहिली. भाऊ तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"भरून राह्यला दाना," ती म्हणाली. हे तिनं आम्हा दोघांपैकी कोणालाच उद्देशून म्हटलं नाही.

ती पेटीपाशी गेली आणि कमरेची किल्ली काढली. त्याच वेळी तिच्या हातातला मोबाईल वाजला. मेसेज होता, मागोमाग दुसरा, मग तिसरा. नवी कंपनी तिचं स्वागत करत होती. आईनं किल्ली परत कमरेला खोचली.

"आई, किल्ली हाय ना हातात," भाऊ म्हणाला. "कुलूप समोर हाय. आत हिरवं बटन हाय. दाबून टाक."

आईनं त्याला हातानंच गप्प केलं. तिनं नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि मोबाईल दोन्ही हातांत समोर धरला. रिंग गेली. पेटीच्या आत काहीतरी बारीक टिकटिकलं. मग काही झालं नाही. आईचं बोट आकड्यांच्या वर, हवेत थांबलं होतं. मी दोन ठिकाणी विचारून खात्री केली होती आणि तरी त्या क्षणी मला ती खात्री पुरेशी वाटली नाही.

"नमस्कार," बाई म्हणाली. "थ्री फेज लाईट उपलब्ध आहे."

आईनं एक दाबला. पेटीत खट्‌ झालं, मोटर घुमली आणि पाईपांत पाणी चढल्याचा आवाज आला. गव्हावर पहिला फवारा फिरला. आईनं मोबाईलवरून बोट काढलं आणि पदरानं काच पुसली.

मग तिनं तो माझ्याकडे दिला. "त्याचा नंबर टाक मोटरीत."

"अक्कल आली का त्याले?"

"त्याचं नको सांगू. गव्हाले पानी पाह्यजे."

मी मेसेज टाइप करून पाठवला. भाऊ जवळ येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि आपली बाजू थोडी तरी वर ठेवायची होती.

"पन आता सांगून मोटर लावत जाजो आई," तो म्हणाला. "त्या दिवशी किती भिजलो मी."

"मी सांगून लावीन," आई म्हणाली. "तू सांगून पेरत जाजो."